हणमंतरावांचा शॉट

लातुरात हणमंतरावांना दोन नावं होती. जुनी पिढी त्यांना 'पिक्चरवाले आप्पा' म्हणायची. नवी पिढी, जिचा पिक्चर खिशातल्या मोबाइलवर येतो, ती म्हणायची 'उज्वला मॅडमचे वडील'. पहिलं नाव ऐकलं की म्हातारा खूश व्हायचा आणि दुसरं ऐकलं की कानातलं यंत्र काढून मुठीत धरायचा. वय नव्वद झालं तरी रुबाब पंचविशीतला. आणि तो रुबाब हक्काचा आहे, असं त्यांची लेक उज्वला नांदेडच्या त्या दिवसापर्यंत छातीठोकपणे सांगत होती.

माणूस होताच हिकमती. रेणापूरकडच्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरात जन्म. शाळा बेताची, तीही निजामाच्या काळातली, उर्दूतून. नाद एकच, विहिरीवरची ऑइल इंजिनं खोलायची आणि पुन्हा जोडायची. मिसरूड फुटलं तसा पोरगा मुंबईला पळाला आणि एका स्टुडिओच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहिला. तिथं कॅमेऱ्याची गाडी रुळांवरून ढकलली की करकरायची, आवाजाचा माणूस कपाळ बडवून घ्यायचा. ह्यानं चाकांवर सायकलची जुनी ट्यूब चढवली, करकर बंद. पाऊस दाखवायचा तर माणसं माळ्यावर चढून झाऱ्यांनी पाणी ओतायची, आणि हीरॉइनच्या अंगावर पाऊस पडायचा तो ठिकठिकाणी. ह्यानं भोकं पाडलेले पाइप वर बांधले आणि पाऊस पावसासारखा पडला. स्टुडिओत 'हणमंता को बुलाव' ही हाक दिवसातून पन्नासदा ऐकू यायची म्हणतात. म्हणतात म्हणजे हणमंतरावच म्हणतात, पण ते असो.

ही झाली किरकोळ कामं. त्यांचं नाव झालं ते एका शॉटवर.

त्या काळी एकाच नटीला जुळ्या बहिणी करायच्या म्हणजे कॅमेऱ्याची अर्धी काच काळ्या कागदानं झाकायची. नटीला डावीकडं उभी करून फिल्म फिरवायची, मग ती फिल्म उलटी गुंडाळायची, कागद दुसऱ्या अर्ध्या काचेवर लावायचा आणि त्याच नटीला साडी बदलून उजवीकडं उभी करायची. पडद्यावर दोघी दिसायच्या. मधली न दिसणारी रेघ मात्र ओलांडायची नाही. एकीनं हात पुढं केला तर तो मनगटापासून गायब. त्यामुळं जुळ्या बहिणी अख्खा पिक्चर एकमेकींपासून चार हात लांब उभ्या राहून मायेनं रडायच्या. हणमंतरावांच्या सिनेमात पहिल्यांदा जुळ्या बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. दोघींचे चेहरे अर्धे अर्धे कॅमेऱ्याकडं, मध्ये रेघ नाही की बीघ नाही. धाकटीनं हात वर करून थोरलीचे डोळे पुसले. थिएटरात लोक खुर्च्यांवर उभे राहिले. दुसऱ्या स्टुडिओंची माणसं यंत्र बघायला धावत आली, तर हणमंतरावांनी काळ्या पेटीला कुलूप घातलेलं. 'चालता पडदा' असं ते तिला म्हणायचे. आतला काळा पत्रा दातेरी चाकांवर नटीबरोबर सरकतो, एवढंच सांगायचे आणि हसायचे.

पुढं निर्मात्याच्या गोदामाला आग लागली आणि त्या सिनेमाची मूळ फिल्म जळून गेली. गोष्ट तेवढी उरली. त्या गोष्टीवर हणमंतराव मुंबईत आणि मद्रासला पुढची वीस वर्षं जुळे भाऊ, जुळ्या बहिणी आणि बाप-लेक एकाच नटात कोंबत राहिले. पुढच्या सिनेमांतली पेटी लोकांनी डोळ्यांनी पाहिली, तिच्यावर लेख आले, पोरांनी अभ्यास केला. म्हणजे माणूस फुकाचा नव्हता. हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकल्यावर कुणालाही वाटेल की होता.

आता उज्वलाचं. लातुरातल्या मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली बाई, भलभलत्यांना फळ्याकडं तोंड करून उभं केलेली. तिची आई साखराबाई काविळीनं गेली तेव्हा उज्वला पाचवीत होती. आईचे हात तिला आठवतात. भाकरी थापताना बांगड्या कोपरापर्यंत सरकवायची सवय आठवते, हाक आठवते. चेहरा आठवत नाही. डोळे मिटून बसलं की आईच्या खांद्यापर्यंत सगळं येतं, वर काहीच येत नाही. आणि बघावं म्हटलं तर घरात आईचा एक फोटो नाही. ज्या माणसानं जन्मभर कॅमेऱ्यात डोकं खुपसलं, त्याच्या घरात बायकोचा फोटो नाही!

"तिला भ्या वाटायचं," आप्पा सांगायचे. "फोटो काढला की आयुष्य कमी होतं म्हणायची. अडाणी होती, काय करता."

उज्वलानं ते खरं मानलं. नुसतं मानलं नाही, नोकरीभर वर्गात अंधश्रद्धेचा धडा शिकवताना तिनं ते उदाहरण म्हणून सांगितलं. माझी आई फोटोला घाबरायची, म्हणून आज मला तिचा चेहरा माहीत नाही, तेव्हा मुलींनो, असं करू नका. मुली गप्प होऊन ऐकायच्या. धडा चांगला रंगायचा.

मग उदगीरला गुरुपादप्पांच्या घरात फिल्मचे डबे सापडले. हे गुरुपादप्पा एकेकाळी जत्रांमधून तंबूत सिनेमे दाखवायचे. ते वारले, नातवांनी माळा साफ करायला काढला आणि गंजक्या डब्यांत तो जळालेला सिनेमा निघाला, बराचसा धड. पुण्याला जुने सिनेमे दुरुस्त करणाऱ्या एका संस्थेनं तो नेला. तिथं मनिषा नावाची मुलगी कामाला होती, मूळची किनवटची, आश्रमशाळेत शिकून वर गेलेली. तिनं वर्षभर एकेक चित्र धुऊन-पुसून साफ केलं. उज्वलानं तिच्या पाठी लागून, पुण्याला खेटे घालून, ओळखी काढून कार्यक्रम ठरवला. नांदेडच्या सभागृहात सकाळी सिनेमा, संध्याकाळी हणमंतरावांना जीवनगौरव. आपल्या बापाला त्याच्या मातीत मान मिळाला पाहिजे, हा तिचा हट्ट. आपल्याच हातानं आपण काय उघडायला निघालोय, ह्याची तिला कुठली कल्पना.

बरोबर गुणामावशी होती, आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर उज्वलाला रेणापुरात तिनंच वाढवलं. मावशीला सिनेमाचं काही नव्हतं. गाडीत बसायला मिळतंय आणि वाटेत लोह्याला चहा-भजी मिळतात, एवढ्यावर ती आली होती. "दाजींचं कवतिक हाय तर हाय," ती म्हणाली, "पर मला खिडकी पायजे."

सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत आप्पा, पांढरा फेटा बांधून. त्यांच्या मागं तिसऱ्या रांगेत उज्वला आणि मावशी. सिनेमा सुरू झाला आणि लोक चकित झाले, कारण चित्र कालच काढल्यासारखं स्वच्छ होतं. साडीचा काठ दिसत होता, भिंतीवरचा पोपडा दिसत होता. मावशी थोडा वेळ बघून डुलक्या काढायला लागली. मध्यंतर झालं, पुन्हा अंधार झाला, आणि तो शॉट आला. थोरली बहीण जिन्यात उभी. धाकटी वर येते, तिच्या गळ्यात पडते, हात वर करून तिचे डोळे पुसते.

उज्वला पडद्याकडं बघतच नव्हती. पहिल्या रांगेतला तो पांढरा फेटा बघत होती, बापाच्या मोठेपणाचा क्षण डोळ्यांत साठवत होती. तेवढ्यात शेजारी मावशी ताडकन उठली.

"आगं बया! साखरी!" मावशी ओरडली. "उजे, ही तर आपली साखरी हाय! बघ गं, तुझी माय! तुझी माय हाय ती!"

लोक वळले. कुणी हसलं, कुणी शूऽऽ केलं. उज्वलानं पडद्याकडं मान वळवली तोवर शॉट संपला होता आणि थोरली बहीण एकटीच जिना उतरत होती. निवेदक प्राध्यापक होते, हजरजबाबी म्हणून प्रसिद्ध. त्यांनी अंधारातच माइक हातात घेतला.

"मंडळी, ह्याला म्हणतात जादू! साठ वर्षं झाली तरी शॉट फसवतोय. आजींना पडद्यावर साक्षात आपली बहीणच दिसली! हणमंतरावांसाठी जोरदार टाळ्या!"

टाळ्या कडाडल्या. पहिल्या रांगेत हणमंतराव उठले, मागं वळले, हात जोडले आणि हसले. पडद्याच्या उजेडात उज्वलानं ते हसू पाहिलं. जोडलेल्या हातांत कानातलं यंत्र होतं. म्हणजे त्यांनी ते काढलं होतं. मावशी ओरडण्याआधी की नंतर, हे तिला कळेना.

मावशी खाली बसली होती. "मी येडी न्हाई उजे," ती पुटपुटत राहिली. "पाठची भैन मी तिची. मी येडी न्हाई."

सिनेमा संपताच उज्वला मावशीला घेऊन मनिषाकडं गेली. मनिषा मागच्या खोलीत लॅपटॉप गुंडाळून ठेवत होती. "तो शॉट मला थांबवून दाखव," उज्वला म्हणाली. शाळेतला आवाज होता. मनिषानं काही न विचारता दाखवला.

"आता हात मोठा कर. धाकटीचा."

हात मोठा झाला. मनगटाच्या वर, पावडरच्या थराखाली, हिरवट-काळी खूण होती. तुळशीवृंदावन, उज्वलाच्या आठवणीतलं. डाव्या अंगाला त्याच्या पायऱ्या आणि उजव्या अंगाला काहीच नाही, कोरी कातडी.

"हे मला आधी डाग वाटलं होतं, मॅडम," मनिषा म्हणाली. "पुसूनच टाकणार होते. मग आमच्या किनवटकडच्या म्हाताऱ्या आठवल्या. म्हटलं, गोंदण आहे, राहू दे. हीरॉइनच्या हातावर कसं, हे काही कळलं नव्हतं."

गुणामावशी लॅपटॉपच्या काचेवर बोट ठेवून उभी होती. "गोंदणारीण आली होती आमच्या दारी," ती म्हणाली. "साखरीला आधी बसवलं. निम्मं झालं आन् पळाली की ती, रडत, पार मळ्यापातूर. आमचा बाप, केरबा, काठी घेऊन मागं. लई हाणलं तिला, पर पुन्यांदा बसली न्हाई. आई म्हणायची, सोनं-नाणं हितंच ऱ्हातंय, गोंदण तेवढं संगं येतंय, आन् तू अर्धंच घेऊन जाशील." मावशीचं तोंड वेडंवाकडं झालं. "मला बी बोलली न्हाई गं कधी. एका ताटात जेवलो आम्ही, आन् मला बी सांगितलं न्हाई."

"चेहरा दाखव," उज्वला म्हणाली.

आणि मग चेहरा आला. वीस वर्षांची पोर. हीरॉइनसारखी दिसत होती हे खरं, नाकाची ठेवण तीच, हनुवटी तीच. पण एकदा शंका आल्यावर, एवढ्या स्वच्छ चित्रात ती हीरॉइन नव्हती, हे आंधळ्यालाही कळलं असतं. डावी भुवई मध्येच तुटलेली होती. ओठ घट्ट मिटलेले, घाबरल्यासारखे. दुसऱ्या बाईचे डोळे पुसताना आपण बरोबर करतोय ना, असं कुणाला तरी विचारत असल्यासारखी तिची नजर किंचित बाजूला गेली होती.

उज्वला छप्पन्न वर्षांची होती आणि तिच्यापुढं तिची वीस वर्षांची आई उभी होती. रडू यायला हवं होतं. ते आलं नाही. आईची भुवई तुटलेली होती. हे आपल्याला माहीत नव्हतं. एवढं एकच वाक्य तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

दुपारी विश्रामगृहाच्या खोलीत हणमंतराव धपाटं-दही खाऊन आडवे झाले होते. उज्वलानं दार लोटून घेतलं.

"आप्पा, ती आई आहे."

"कोण म्हणतं? गुणी? तिला मोतीबिंदू झालाय."

"हात बघितला मी. गोंदण बघितलं."

हणमंतरावांचा हात कानाकडं गेला. उज्वलानं तो मध्येच धरला. "यंत्र काढायचं नाही," ती म्हणाली.

म्हातारा उठून बसला. त्यानं चादरीवरच्या चुण्या सारख्या केल्या. मग बोलला ते असं, की लेथवरच्या एखाद्या बिघाडाची हकिगत सांगावी. पेटी चाललीच नव्हती. चाकांचे दाते सरकायचे, फिल्म फाटायची. डायरेक्टरनं सांगितलं होतं, उद्या झालं नाही तर सामान उचल. लग्न नुकतंच झालेलं, साखराबाई मुंबईला आलेली. एकदा ती डबा घेऊन स्टुडिओत आली होती, तेव्हा गेटवरच्या पठाणानं तिला हीरॉइन समजून सलाम ठोकला होता.

"ते मला ऐन वख्ताला आठवलं," आप्पा म्हणाले. "तिला आणलं. रंगवलं. उभी केली. एका फटक्यात झालं."

"ती हो म्हणाली?"

"विचारलं कुठं? चल म्हणलं, आली."

डायरेक्टर, कॅमेरामन, हीरॉइन आणि हणमंतराव, चौघांनी शपथ घेतली. शॉट यंत्रानं केला म्हणून जाहिरात झाली. आणि बाईला गावी पाठवलं, लातूरच्या घरात. नवरा दिवाळीला आणि जत्रेला यायचा.

"आणि फोटो?"

"फोटो बघून कुणी म्हणलं असतं, ही तर ती. मग?"

"म्हणजे आयुष्य कमी होतं, हे..."

"ते मी तुला सांगितलं," हणमंतराव म्हणाले. "ती तसं कधी म्हणली न्हाई."

उज्वलाला आपले वर्ग आठवले. ओळीनं बसलेल्या मुली आणि त्यांच्यापुढं उभी राहून आईला अडाणी म्हणणारी आपण. तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"पण यंत्र खरं झालं, उजे," म्हातारा एकदम जोरात बोलला. "एकाहत्तर साली. तुझी शप्पथ, खरं झालं. खोटं बोलून बसलो होतो, ज्याला त्याला तसाच शॉट पायजे होता. झोप न्हाई, जेवण न्हाई, सात वर्षं त्या दात्यांच्या मागं लागलो. जे खोटं सांगितलं ते खरं करून दाखवलं मी. कुणी केलंय असं?"

"मग एकाहत्तर सालानंतर काय होतं? त्यानंतर आठ वर्षं ती जिवंत होती, आप्पा. मग कशाची भीती होती? एक फोटो?"

हणमंतराव खिडकीकडं बघायला लागले. बाहेर मंडपवाले खुर्च्या उतरवत होते. "एकदा म्हणली होती," ते हळू बोलले. "तू कडेवर होतीस. जत्रेत फोटोवाला आला होता, मागं ताजमहालाचा पडदा लावलेला. म्हणली, लेकीसंगं एक काढू या. मी म्हणलं, थांब, आधी यंत्र होऊ दे. मग यंत्र झालं. कामं वाढली. आन् मग ते ऱ्हाऊनच गेलं."

ऱ्हाऊनच गेलं! माणसाचं काय काय राहून जातं. बाजारातून मीठ आणायचं राहून जातं, सोयऱ्याला फोन करायचा राहून जातो. ह्या गृहस्थाकडून बायकोचा चेहरा राहून गेला, आणि तो ते मिठासारखं सांगत होता. उज्वलाला वाटलं, त्यांनी भीतीनं केलं असतं, दुष्टपणानं केलं असतं, तरी बरं होतं. त्याला निदान काही वजन असतं.

"संध्याकाळी स्टेजवर हे सांगा," ती म्हणाली.

"येडी का काय तू? हे सांगितलं तर पुढचं सगळं खोटं ठरंल. ती पेटी, ते सगळे पिक्चर. लोक म्हणतील म्हातारा मुळातच लबाड. खरं केलेलं बी पाण्यात जाईल."

ह्यात खोटं काही नव्हतं. तसंच झालं असतं. बापाच्या नावासाठी तिनंच पुण्याला खेटे घातले होते, आणि ते नाव आता तिच्याच हातून बुडणार होतं. उज्वलानं हे सगळं ओळखलं आणि तरी म्हणाली, "जाऊ दे पाण्यात. माझी आई त्या पडद्यावर आहे आणि लोक तिला यंत्र म्हणतात. मला ते चालणार नाही."

हणमंतरावांनी कानातलं यंत्र काढलं आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

संध्याकाळी सभागृह सकाळपेक्षा भरलं. भाषणं झाली, पुष्पगुच्छ झाले. प्राध्यापकांनी हणमंतरावांना मराठवाड्याचा कोहिनूर वगैरे केलं. शाल आली, श्रीफळ आलं, मोठं चकाकतं सन्मानचिन्ह आलं. मग त्यांच्या हातात माइक दिला. हणमंतरावांनी नेहमीचं सुरू केलं. ऑइल इंजिन झालं, सायकलची ट्यूब झाली, पाऊस झाला. जिथं लोक हसायचे तिथं लोक हसले. उज्वला तिसऱ्या रांगेत दगड होऊन बसली होती. तिनं आशा सोडली होती.

"लोक मला इचारतेत," हणमंतराव म्हणाले, "तो शॉट कसा केला." ते थांबले. "यंत्र नव्हतं. माझी बायको होती."

सभागृह हास्यानं फुटलं. लोक मांड्या थोपटून हसले. प्राध्यापक दुसऱ्या माइकवर आले. "ऐकलंत? यशस्वी पुरुषाच्या मागे स्त्री असते म्हणतात, आप्पांच्या तर शॉटमध्येच! नव्वदीत पण गुपित फोडत नाहीत, काय मिश्कील माणूस!" पुन्हा हशा, पुन्हा टाळ्या. काही लोक मान द्यायला उठून उभे राहिले.

"न्हाई, न्हाई," हणमंतराव म्हणत होते. "खरंच. खरंच सांगायलोय." लोक आणखी हसले.

उज्वला सुन्न झाली. खरं सांगितलं गेलं होतं, माइकवरून, भर सभेत, आणि ते कुणाच्या कानात शिरलंच नव्हतं. स्टेजवरचा म्हातारा तोंड उघडं टाकून त्या हसण्याकडं बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याची युक्ती त्याच्याच अंगावर उलटली होती, आणि ती दुरुस्त करायला हत्यार नव्हतं.

शेजारी मावशी उठली.

"दाजी," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "नाव घ्या तिचं."

लोकांना ते फारच आवडलं. लग्नातल्या पंगतीत आरडावं तसं सगळं सभागृह आरडायला लागलं, "नाव घ्या! नाव घ्या!" टाळ्यांचा ठेका धरला. आता आप्पा उखाणा घेणार म्हणून पुढच्या पोरांनी मोबाइल वर धरले. हणमंतरावांनी आजवर बायकोचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. त्यांच्या पिढीत कुणीच काढत नसे. आधी ती 'अगं' होती, नंतर 'उजेची माय' झाली, आणि मेली तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते की ती गेली.

त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"साखराबाई," ते म्हणाले.

ठेका चालूच होता.

"साखराबाई. रेणापूरच्या केरबाची थोरली लेक."

पुढच्या रांगांतला ठेका थांबला. मग मागचा थांबला. ह्या वयाचा माणूस भर सभेत बायकोचं माहेरासकट नाव गमतीनं घेत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वर धरलेले मोबाइल एकेक करून खाली आले.

"तो हात तिचा हाय. त्याच्यावर अर्धं गोंदण हाय, बघा जाऊन. थोरलीचे डोळे तिनं पुसले, यंत्रानं न्हाई. आन् तुम्हाला हे कळू नये म्हणून मी तिला मरंपातूर कॅमेऱ्यापुढं येऊ दिलं न्हाई. एक फोटो काढू दिला न्हाई. माझ्या लेकीला तिच्या मायचं तोंड ठाऊक न्हाई. भ्या तिला नव्हतं. मला होतं."

प्राध्यापकांनी आपला माइक बंद केला. गुणामावशी खाली बसली आणि पदर तोंडाशी धरून हुंदके द्यायला लागली.

उज्वलाला हवं होतं ते झालं होतं. तिला वाटलं होतं, हे झालं की जीव थंड होईल. तो झाला नाही. कारण ते ऐकताना तिच्या लक्षात आलं की हे बोलायला मिनिटभरसुद्धा लागलं नाही. एवढंच होतं. एवढंसं बोलायचं राहिलं होतं आणि त्यापायी एक बाई भिंतींच्या आड राहून मरून गेली. हे कधीही बोलता आलं असतं, जत्रेत, दिवाळीत, काविळीनं ती पिवळी होऊन अंथरुणावर पडली होती तेव्हाही.

हणमंतराव माइक घेऊनच स्टेजच्या पायऱ्यांपाशी आले. पायऱ्या उतरताना ते नेहमी लेकीचा हात धरायचे. त्यांनी तसाच हात पुढं केला आणि अंधारात तिला शोधू लागले.

"उजे," त्यांनी हाक मारली. माइक चालूच होता, हाक साऱ्या सभागृहानं ऐकली. लोक वळून तिच्याकडं बघायला लागले.

"उजे, ये गं."

उज्वलाला हाक ऐकू आली होती. पण तिला काही केल्या उठता येईना.